ग्रंथ कोणाच्या हाती? : छापील पुस्तक, ई-रीडर आणि टॅब

इ.स. १९१७. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून बाबासाहेब मायदेशी निघाले. त्यांचे सामान वेगळ्या जहाजाने येत होते. त्या सामानात पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ होते. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडविले आणि ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. पुढे थॉमस कुक कंपनीकडून सामानाची सुमारे सहाशे रुपये भरपाई मिळाली. पण ग्रंथांवर केलेल्या खुणा आणि समासातील टिपा यांची भरपाई कोणती कंपनी देणार?

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे आणखी एक प्रसंग आठवतो. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्संग भारतात आला. पुलकेशीच्या महाराष्ट्रातूनही तो फिरला. परतीच्या वाटेवर सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि सुमारे पन्नास हस्तलिखिते पाण्यात गेली. चीनमध्ये पोहोचल्यावर त्याने भारतातील स्नेह्यांना पत्र लिहिले, हरवलेल्या ग्रंथांची यादी पाठविली आणि नव्या प्रती मागितल्या. पावणेतेराशे वर्षांच्या अंतराने दोन ज्ञानयात्रिकांवर सारखाच घाला पडला.

आज दोनशे ग्रॅम वजनाच्या एका उपकरणात हजारो पुस्तके मावतात. ते उपकरण नदीत पडले तरी पुस्तकांच्या प्रती अन्यत्र सुरक्षित राहतात. मग बाबासाहेबांच्या आणि ह्युएन त्संगाच्या दुःखावर विज्ञानाने उत्तर शोधले, असे म्हणावे काय? आपल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी यंदा काय घ्यावे, हा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला तेव्हा तीन मते पुढे आली. कोणी टॅब म्हणाले, कोणी किंडलसारखे ई-रीडर म्हणाले, तर कोणी छापील पुस्तकांचाच आग्रह धरला. तिन्ही मतांत तथ्य होते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा प्रश्न पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यासमोर थोडा विस्ताराने मांडीत आहे.

माध्यम बदलले, धम्म टिकला

नव्या माध्यमाला बिचकणे हे बौद्ध परंपरेला शोभणारे नाही. तथागतांची वचने प्रथम कित्येक शतके मुखोद्गत होती. इ.स.पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी, श्रीलंकेत युद्ध आणि दुष्काळ एकदम कोसळले. ज्यांच्या कंठात त्रिपिटक होते ते भिक्खूच मरण पावले तर धम्मही जाईल, हे ओळखून संघाने अलुविहार येथे त्रिपिटक ताडपत्रांवर लिहून काढले. दुष्काळाने माणसांची काय दशा होते हे मराठवाड्याला सांगावयास नको. परंतु दुष्काळातून ग्रंथाचा जन्म झाला, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

पुढे छपाईची कला आली. ज्यावर निश्चित तारीख आहे असा जगातील सर्वांत जुना उपलब्ध छापील ग्रंथ इ.स. ८६८ चा असून तो चीनमधील तुन-ह्वांगच्या गुहेत सापडला. तो ग्रंथ म्हणजे ‘वज्रच्छेदिका’ हे बौद्ध सूत्र होय. आपल्या मातापित्यांच्या नावे सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी हा ग्रंथ केला, अशी नोंद त्याच्या शेवटी आहे. छापील पुस्तकाच्या इतिहासाचा आरंभच असा दानाने झालेला आढळतो.

आणि आपल्याच महाराष्ट्रात, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पाली त्रिपिटक व त्यावरील अट्ठकथा देवनागरीत १४० खंडांत छापल्या. त्याच सुमारास, १९९० च्या दशकात, हे सारे वाङ्मय संगणकाच्या तबकडीवरही आणले. छापील १४० खंड ठेवावयास एक कपाट पुरत नाही. तबकडीवरचे तेच वाङ्मय खिशात मावते आणि एखादा शब्द संपूर्ण त्रिपिटकात कोठे कोठे आला आहे हे क्षणात सापडते. पूर्वी याच कामासाठी अभ्यासकाचे आयुष्य खर्ची पडे. त्याच संस्थेने तोच ग्रंथ कागदावर आणि पडद्यावर अशा दोन्ही रूपांत दिला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तीन साधने, तीन स्वभाव

‘डिजिटल’ या एका शब्दाखाली टॅब आणि ई-रीडर यांना एकत्र बसविणे ही पहिली चूक होय. ही दोन उपकरणे दिसावयास सारखी, पण स्वभावाने भिन्न आहेत.

टॅबचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. रंग, चित्रफिती, आवाज, खेळ आणि इंटरनेट हे सारे त्यात असते. उन्हात त्यावरील अक्षर दिसेनासे होते आणि दिवसाआड तो चार्ज करावा लागतो.

ई-रीडरचा पडदा प्रकाश न फेकता कागदाप्रमाणे बाहेरून पडलेला प्रकाश परतवितो. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी १९९७ साली स्थापन केलेल्या कंपनीने हे ‘ई-शाई’चे तंत्र विकसित केले. पडद्याखाली केसाच्या जाडीएवढे असंख्य गोलक असतात. प्रत्येक गोलकात द्रवामध्ये पांढरे व काळे कण तरंगतात. पांढऱ्यांवर एक विद्युतभार, काळ्यांवर विरुद्ध भार. खालून विद्युतभार दिला की काळे कण वर येतात व अक्षर उमटते, किंवा पांढरे वर येतात व जागा कोरी दिसते. एकदा पान उमटले की ते तसेच राहण्यासाठी वीज लागत नाही. वीज खर्च होते ती पान उलटताना. म्हणून असे यंत्र एकदा चार्ज केले की आठवडेच्या आठवडे चालते आणि चाकूरच्या मे महिन्यातील उन्हातही स्वच्छ वाचता येते. या तंत्राचा पहिला ई-रीडर जपानमध्ये २००४ साली सोनी कंपनीने विकला. ॲमेझॉनचे किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये आले. डिसेंबर २०१६ मध्ये त्यावर मराठी पुस्तके अधिकृतपणे मिळू लागली.

ई-रीडरवर चित्रफीत चालत नाही, बहुतेकांवर रंग नसतात, पाने सावकाश उलटतात. विद्यार्थी यास दोष मानतील; शिक्षक म्हणून मी यास गुण मानतो. ज्या यंत्रावर वाचण्यावाचून दुसरे काही करता येत नाही, ते वाचनाच्या तासाला विश्वासाने हाती देता येते.

छापील पुस्तकाला वीज लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही. मात्र त्याला जागा लागते, वाळवी लागते आणि एका वेळी ते एकाच्याच हाती असते.

मराठी मजकुराची अडचण

इंग्रजी वाचकाला ई-रीडर जितका सुखकर, तितका तो अजून मराठी वाचकाला नाही. याचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण यंत्र घेतल्यावर निराशा येते ती येथेच.

डिजिटल पुस्तके मुख्यतः दोन प्रकारची असतात. ईपबसारख्या प्रकारात मजकूर प्रवाही असतो. अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात. पीडीएफमध्ये पान गोठलेले असते. पुष्कळदा ते जुन्या पुस्तकाच्या पानाचे छायाचित्रच असते. सहा इंची पडद्यावर मोठ्या आकाराचे पान उघडले की अक्षर मुंगीएवढे दिसते, आणि मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड केंद्र शासनाने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, बालभारतीची पाठ्यपुस्तकेही आहेत. पण ती पीडीएफ स्वरूपात. त्यांच्यासाठी मोठ्या पडद्याचा टॅब किंवा संगणकच बरा.

दुसरी अडचण अक्षरजुळणीची. मराठी पुस्तके कित्येक वर्षे ज्या संगणकीय टंकांत जुळविली गेली ते युनिकोडपूर्व होते. त्यांत पडद्यावर दिसणारे ‘क’ हे यंत्राच्या लेखी रोमन लिपीतील एखादे चिन्ह असते. तो मजकूर ईपबमध्ये नेताना जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्या अक्षरावर चढतो. म्हणून जुन्या मराठी पुस्तकाची ई-आवृत्ती काढणे म्हणजे पुष्कळदा ते नव्याने टंकित करून मुद्रिते तपासणेच असते. दलित साहित्य आणि आंबेडकरी चळवळीतील पुस्तिका लहान प्रकाशकांनी पदरमोड करून छापल्या; त्यांना हा खर्च कसा झेपावा? परिणामी आपल्या मुलांनी जे वाचावे असे आपणास वाटते, त्यातील मोठा भाग आजही केवळ कागदावर आहे.

एका वर्गासाठी मात्र डिजिटल पुस्तक हे वरदानच आहे. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. ज्यांना दृष्टीच नाही त्यांना मजकूर ऐकता येतो. दृष्टिबाधितांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आपल्या देशात सुरू आहे. हा लाभ छापील पुस्तक कधीही देऊ शकणार नाही.

समज, घटनाक्रम आणि झोप

पडद्यावर वाचलेले कागदावर वाचल्याइतके समजते काय? नॉर्वेतील ॲन मँगेन या संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींना मजकूर कागदावर दिला, काहींना तोच संगणकाच्या पडद्यावर. कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन सरस ठरले. पुढे २०१८ साली, २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचा एकत्रित विचार करणारा शोधनिबंध आला. त्यात १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर असेल किंवा वेळेचे बंधन असेल तर कागद सरस, आणि कथात्मक मजकुरात फारसा फरक नाही, असा त्याचा निष्कर्ष. आपल्या मुलांचा अभ्यास हा बहुतांशी माहितीपर आणि घड्याळ लावून केलेला असतो, हे येथे लक्षात घ्यावे.

ई-रीडरविषयी वेगळा प्रयोग मँगेन यांनीच केला. पन्नास वाचकांपैकी काहींनी एक कथा पुस्तकात वाचली, काहींनी किंडलवर. आकलनाच्या बहुतेक कसोट्यांत दोन्ही गट सारखेच उतरले. फरक पडला तो घटनांचा क्रम लावताना. तेथे पुस्तक वाचणारे सरस ठरले. हाताखाली डावीकडची पाने वाढत जातात, उजवीकडची कमी होतात. किती वाचले आणि काय कोठे वाचले याची खूण बोटांनाही राहते, असे स्पष्टीकरण संशोधकांनी सुचविले. इतिहास शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला हा निष्कर्ष विशेष वाटतो. क्रम विसरला तर इतिहासात उरते काय? महाड आधी की पुणे करार आधी, हे ज्याला सांगता येत नाही त्याला चळवळ कळली असे म्हणता येणार नाही.

निवासी शाळेसाठी झोपेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. अमेरिकेत २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपेपूर्वी चार तास, सलग पाच रात्री, प्रकाश फेकणाऱ्या टॅबवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप उशिरा लागली आणि झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक त्यांच्या शरीरात कमी आढळले. प्रयोगातील व्यक्ती केवळ बारा होत्या, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तथापि वसतिगृहात रात्री टॅब देऊ नयेत, एवढे म्हणण्यास तो पुरेसा आहे.

खरा प्रश्न मालकीचा

वजन, किंमत, डोळे आणि झोप यांहून मोठा प्रश्न निराळाच आहे. घेतलेले पुस्तक आपले असते काय?

जुलै २००९ मध्ये अमेरिकेत एक विलक्षण घटना घडली. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्यांच्या विशिष्ट ई-आवृत्त्या विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. हे कळताच ॲमेझॉनने त्या ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकल्या आणि पैसे परत केले. एका शाळकरी विद्यार्थ्याने अभ्यासासाठी टिपा काढल्या होत्या. टिपा राहिल्या, पण ज्या पानांवर त्या होत्या ती पानेच नाहीशी झाली. कंपनीने पुढे क्षमा मागितली. जुलै २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही ग्राहकांनी विकत घेतलेली पुस्तके गेली, पैसे परत आले. आणि फेब्रुवारी २०२५ पासून किंडलवर घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून जपण्याची जुनी सोयही बंद झाली. सारांश, अशा दुकानातून आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचण्याचा परवाना घेतो. आणि परवाना देणारा तो परतही घेऊ शकतो.

आता आपला इतिहास आठवावा. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण आधी मागविले आणि त्यातील विचार न पेलल्याने परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. जे व्यासपीठावरून बोलू दिले गेले नाही ते कागदाने घरोघर पोहोचविले.

पन्नास वर्षांनी, १९८७ मध्ये, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या चौथ्या खंडातील ‘राम आणि कृष्ण’ या परिशिष्टावरून वादळ उठले. ते वगळा अशी मागणी झाली. वगळू नये म्हणून १९८८ च्या आरंभी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. अखेर मजकूर राहिला आणि शासन त्यातील मतांशी सहमत नाही अशी टीप जोडली गेली. त्या काळी छापलेल्या प्रती लोकांच्या घरांत पोहोचल्या होत्या, त्या दुरून कळ दाबून परत घेता येत नव्हत्या. तो खंड केवळ एका कंपनीच्या यंत्रावर असता, तर एका रात्रीत सर्वांच्या प्रतींमधून तेवढीच पाने नाहीशी करणे कठीण होते काय? मोर्चा काढावयासही पुरावा हाती राहिला नसता.

अर्थात कागदही निर्दोष नाही. बाबासाहेबांच्या खंडांच्या लाखो प्रती छापण्याचे ठरूनही छपाई रखडली आणि कागद पडून राहिला, ही बातमी मराठी दैनिकात आली तेव्हा २०२१ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. ज्या काळात छापील खंड दुकानात मिळत नव्हता, त्या काळात अनेक तरुणांनी तो संकेतस्थळावरील पीडीएफमधूनच वाचला. मुक्त पीडीएफ एकदा आपल्या डिस्कवर उतरवून घेतली की तीही कोणी पुसू शकत नाही. तेव्हा भेद कागद आणि पडदा यांतला नाही. जी प्रत आपल्या हाती राहते आणि जी दुसऱ्याच्या मर्जीवर राहते, यांतला आहे.

आपल्या शाळेपुरते

आपली मुले चाकूर, अहमदपूर, उदगीर, कंधार, मुखेड या तालुक्यांतील आहेत. अनेकांचे आईवडील ऊसतोडीला जातात. घरी परतताना मूल जे पुस्तक नेते, ते घरातील पहिले पुस्तक असू शकते. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर गेलेली माणसे शिदोरी संपवून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन परततात. पहिल्या पानावर नाव व तारीख घातली जाते आणि पुस्तक वाड्यातून वाड्यात, भावाकडून बहिणीकडे जाते. परवान्यावर घेतलेले ई-पुस्तक असे उसने देता येत नाही, वारशाने मिळत नाही.

टॅबचा आपला अनुभवही सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी देणगीतून मिळालेल्या टॅबपैकी तिसऱ्या वर्षी थोडेच चालू राहिले. कोणाचा पडदा तडकला, कोणाची बॅटरी फुगली. त्याच काळात आणलेले शब्दकोश बांधणी उसवूनही वापरात आहेत. तथापि नीटच्या वा सीईटीच्या तयारीसाठी टॅबवरील व्याख्याने आणि सराव चाचण्या उपयोगी पडतात, हेही खरे. लातूरला जाऊन शिकवणीचे शुल्क भरणे ज्यांना शक्य नाही, त्यांना हा आधार नाकारता येणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी : निधीचा मोठा भाग छापील पुस्तकांवर खर्च करावा, आणि प्रत्येक मुलाने वाचलेच पाहिजे अशा पुस्तकाच्या एकाऐवजी दहा प्रती घ्याव्यात. चार-पाच ई-रीडर ग्रंथालयात ठेवावेत, ते शिक्षक, वरिष्ठ विद्यार्थी आणि अधू दृष्टीची मुले यांच्यासाठी. त्यांत शक्यतो मुक्त, प्रवाही मजकुराची पुस्तके भरावीत. टॅब वर्गखोलीत, ठरलेल्या तासाला, शिक्षकांच्या समक्ष वापरावेत. रात्री ते कपाटात असावेत. त्रिपिटक, बाबासाहेबांचे खंड, पाठ्यपुस्तके यांच्या मुक्त प्रती शाळेच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, आणि त्या डिस्कची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. एक जहाज बुडाले तरी दुसरे किनाऱ्याला लागावे, हा धडा आपणास १९१७ ने दिलेला आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या घरी चळवळीच्या जुन्या पुस्तिका, स्मरणिका, अंक असतील तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. आम्हाकडे आणून द्या. मूळ प्रत ग्रंथालयात जपू, तिची पाने छायाचित्रित करू आणि जेथे हक्कांची अडचण नसेल तेथे ती सर्वांना वाचावयास देऊ. सिंधूच्या पाण्यात गेलेल्या ग्रंथांची यादी ह्युएन त्संगाला करता आली, कारण काय हरवले हे त्याला ठाऊक होते. आपल्या घरातून काय हरवते आहे, याची यादी अजून कोणी केलेली नाही. ती या शाळेतून सुरू व्हावी.